प्रमुखांचे यजमान

५ मार्च, बुधवार. सकाळी ६.४०

रक्तदाब १६४/१००. कारण : बायको.

काल मंगळवार, म्हणजे कॉलेजच्या सामूहिक जेवणाचा दिवस. दोनशे दहा मुलंमुली, सहा ट्यूटर आणि वरच्या टेबलावर आमच्या निवासी कॉलेजच्या प्रमुख म्हणून आमची ही. शेजारी मी. सूप संपलं. ही उभी राहिली, चमच्याने ग्लास वाजवला आणि म्हणाली की मेअखेर मी पद सोडते आहे, नऊ वर्षं झाली, पुरे झाली.

माझ्या हातातला पाव हातातच राहिला. दोनशे दहा पोरांबरोबर, त्याच सेकंदाला, मला ही बातमी कळते! एकतीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

घरी येऊन जाब विचारला. म्हणाली, अहो, तीनदा सांगितलं. जानेवारीत एकदा, तेव्हा तुम्ही बुटांच्या रॅकची नोटीस टाइप करत होतात. फेब्रुवारीत दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही मान न वळवता 'हं, लेखी दे' म्हणालात.

शक्य आहे. तोंडी गोष्टींची मी दखल घेत नाही. पण असला निर्णय ही स्वतःहून घेणं शक्य नाही. ही साधा पडदा घ्यायचा तरी मला विचारते. (म्हणजे मी सांगतो.) कोणीतरी दबाव आणलाय.

संकल्प : (१) रागवायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय. (२) हिला वाचवायचं.

६.५५. लख्ख उजाडलंय आणि अभ्यासिकेतले दिवे चालू! संकल्प क्र. १ उद्यापासून.

७ मार्च

पुढेमागे चौकशी झाली तर नोंद असावी म्हणून वस्तुस्थिती लिहून ठेवतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बावीस वर्षं. मला लांबून बघून दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. हिला हे पद मिळालं तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण ही विद्वान आहे पण भोळी आहे. दोनशे दहा पोरं हिला विकून खातील.

आम्ही प्रमुखांच्या निवासात राहतो. आमच्या बोळातलं एक दार थेट भोजनगृहात उघडतं. ते दार म्हणजे माझं ऑफिस समजा. तिथे उभा राहिलो की रांग आपोआप सरळ होते. बोर्डावर सध्या माझ्या अकरा नोटिसा आहेत, सगळ्या लॅमिनेट केलेल्या. खाली सही 'प्रमुखांच्या वतीने'.

सर्वांत मोठी सुधारणा : भेटीचा फॉर्म. पूर्वी पोरं केव्हाही घरात घुसायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडायची. ही हातातलं काम टाकून ऐकत बसायची. आता भेटीची वेळ पाच ते सहा, आणि आधी फॉर्म. आठवड्याला चाळीस पोरं यायची, ती सहावर आली. याला म्हणतात व्यवस्थापन.

पोरांचा माझ्यावर जीव आहे. तोंडावर तसं कोणी बोललेलं नाही. पण तोंडावर बोलतात ते प्रेम नव्हे.

१० मार्च

संशयित सापडली. ज्येष्ठ ट्यूटर. मी तिला गोगलगाय म्हणतो (मनात). बाई इतकं हळू बोलते की ऐकायला वाकावं लागतं. इतकं हळू बोलण्यासारखं तिच्याकडे आहे तरी काय?

आज जिन्यात भेटली. म्हणाली, कसे आहात? मी विचारलं, का? तर म्हणाली, सहज. सहज म्हणे!

हिला सांगितलं तर म्हणाली, अहो, माणसं विचारतात तसं. भोळी, भोळी.

१२ मार्च

मोहीम सुरू. विनंतीपत्राचा मसुदा केला. चार पानं झाली. हल्ली पोरांना वाचनाचा कंटाळा, म्हणून एका पानावर आणला. शेवटचं वाक्य जमून गेलंय : 'प्रमुखांनी पदावर राहावं, ही आम्हा सर्वांची कळकळीची विनंती.' पॅडला लावून कॉमन रूममध्ये टांगला. पेन दोरीने बांधलं.

संध्याकाळी बघितलं तर पेन गायब. दोरीही.

१४ मार्च

सह्या : तीन. एक माझी. एक कोणा 'मांजर' यांची, पंजाच्या ठशासकट. तिसरी वाचता येत नाही.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

पोरांच्या प्रतिनिधीला गाठलं. सव्वासहा फूट उंच, खोलीत आधी मान येते आणि मग तो, म्हणून उंट. म्हटलं, लाज वाटत नाही? नऊ वर्षं ज्या बाईंनी तुम्हाला पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, त्यांच्यासाठी एक सही जड होते? तो म्हणाला, सर, बाई राहाव्यात असं तर आम्हा सगळ्यांनाच वाटतं, फक्त... आणि छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, फक्त काय, स्पष्ट बोल. म्हणाला, काही नाही सर, आम्ही बघतो.

झाडल्याशिवाय माणूस हलत नाही, हा बावीस वर्षांचा अनुभव.

१९ मार्च

चौऱ्याण्णव!!

२१ मार्च

एकशे त्रेसष्ट! पुरवण्या जोडाव्या लागल्या. पॅडपाशी अक्षरशः घोळका असतो, हसतात काय, एकमेकांना टाळ्या देतात काय. मी जवळ गेलो की पांगतात. लाजतात बिचारी. मुख्य आचाऱ्याने सही केली. गेटवाल्याने केली. मी सह्या दोनदा मोजल्या, एकदा वरून, एकदा खालून. जुनी सवय.

गेल्या नऊ दिवसांत मी फक्त चारदा ओरडलो. रक्तदाब १४०/९०.

हिला काही सांगितलेलं नाही. सोमवारी कागद कुलसचिवांच्या टेबलावर ठेवतो, आणि मग सांगतो.

२४ मार्च, सोमवार. दुपारी २

रक्तदाब १७२/१०६. रागाने.

कुलसचिवांनी चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. आत गेलो. छोटंसं भाषण केलं, कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग विचारलं, तुम्ही हे वाचलंय? मी म्हटलं, वाचलंय काय, लिहिलंय मीच! ते म्हणाले, बरं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं :

'प्रमुखांनी पदावर राहावं आणि त्यांच्या यजमानांनी दुसरीकडे राहावं, ही आम्हा सर्वांची कळकळीची विनंती.'

शेवटच्या ओळीवर पट्टी चिकटवलीय. त्याच टाइपात! माझाच समास, माझंच अंतर! खाली एकशे त्रेसष्ट सह्या. पहिली माझी.

कोपऱ्यातला क्लार्क खोकत खोकत बाहेर गेला. त्याला खोकला नव्हता.

संध्याकाळी ५

चोराच्या उलट्या बोंबा. दुसरीकडे म्हणजे कुठे? बायको एकीकडे आणि नवरा दुसरीकडे? हे विद्यापीठ आहे की काय आहे?

२५ मार्च

गुन्हेगार शोधायला घेतला. पट्टीची लांबी चौदा सेंटिमीटर सहा मिलिमीटर, सरळ कापलेली. पट्टी धरून सरळ कापणारं एकही पोर या कॉलेजात नाही. म्हणजे मोठ्यांपैकी कोणीतरी. सह्यांमध्ये गोगलगायीची सही नाही. हाच पुरावा.

मुख्य आचाऱ्याला फैलावर घेतलं. म्हटलं, नऊ वर्षं तुमच्या डावाचं माप मी रोज स्वतः तपासतो, आणि तुम्ही सही करता? तो म्हणाला, तेच तर साहेब. नऊ वर्षं. आणि कांदा चिरायला लागला.

हिला कळू नये म्हणून कागद कपाटात शर्टांखाली ठेवला होता. जेवताना ही म्हणाली, कुलसचिवांचा कालच फोन आला होता. मी घास थांबवला. म्हणाली, जेवून घ्या, गार होतंय.

हसली असती, रडली असती, भांडली असती तर बरं. गार होतंय म्हणे.

२ एप्रिल

नव्या प्रमुखांचं नाव जाहीर : गोगलगाय.

मी म्हटलं नव्हतं? म्हटलं होतं! माझ्याच वहीत, दहा मार्चला!

आणि आमच्या हिने काय करावं? भर व्हरांड्यात तिला मिठी मारली. दोघी रडल्या. मी खांबामागे उभा होतो. आपलंच नाणं खोटं, तिथे दुसऱ्याला काय बोलणार.

संकल्प : दोघींशी अबोला.

३ एप्रिल

अबोला मोडला. किल्ल्या सापडेनात, हिला विचारावं लागलं.

६ एप्रिल, रविवार

गोगलगायीचा नवरा घर बघायला आला. दातांचा डॉक्टर. राग गिळून मी कर्तव्य म्हणून त्याच्यासाठी फाइल तयार ठेवली होती, 'प्रमुखांच्या जोडीदाराची कामे', चौऱ्याऐंशी पानं, शेवटी अनुक्रमणिका. त्याने हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि विचारलं की ऊन कुठल्या खिडकीतून येतं? आईची खुर्ची ठेवायचीय.

मी म्हटलं, ऊन नंतर बघू. सकाळी नऊला तुम्हाला भोजनगृहाच्या दारात उभं राहायचंय. तो म्हणाला, सकाळी नऊला मी लोकांच्या तोंडात असतो.

विनोद.

मग बोळातल्या त्या दारापाशी थांबला. हे इकडून बंद होतं का, म्हणाला. का? तर म्हणे इथे कपाट ठेवू, आवाज येणार नाही.

कपाट! माझ्या दाराला कपाट!

फाइल सोफ्यावरच विसरून गेला. मागे धावत जाऊन दिली. फाटकाबाहेर मी पुन्हा एकदा रांगेचं समजावून सांगितलं. तो ऐकत होता. माझ्या दातांकडे बघत.

२३ एप्रिल

सामान बांधतोय. भाड्याचा फ्लॅट बघून ठेवलाय हिने, दोन खोल्या आणि गॅलरी, बसने वीस मिनिटं. मला न विचारता. आता कशाचंच आश्चर्य वाटत नाही, फक्त राग येतो.

हिच्या टेबलाचा खण रिकामा करताना एक लिफाफा सापडला. कॉलेजच्या व्यवस्थापन समितीचा. तारीख ९ डिसेंबर.

समितीने हिला आणखी तीन वर्षं देऊ केली होती. एकमताने. अट एकच : निवासातील कुटुंबीयांनी कॉलेजच्या कारभारात कोणत्याही प्रकारे भाग घेऊ नये, असं प्रमुखांनी लिहून द्यावं. सोबत तक्रारींची यादी. सतरा.

सगळ्या वाचल्या. खोट्या, अतिरंजित, व्याकरणाच्या चुका असलेल्या. क्र. ३ : परीक्षेच्या दिवशी रांगेतून मागे पाठवलं. नियम होता. क्र. ६ : पियानोला कुलूप. पियानोचा त्रास होत होता. क्र. ११ : ऑक्टोबर महिन्यात एक मुलगी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी प्रमुखांकडे आली. वडिलांना अचानक हॉस्पिटलमध्ये हलवल्याचा फोन आला होता, घर दुसऱ्या गावी, जवळ कोणी नाही. तिला दारातच भेटीचा फॉर्म देऊन पाच वाजता यायला सांगण्यात आलं.

आठवली. लांब वेणी, पायात घरातल्या स्लिपर. मला वाटलं पियानोची किल्ली मागायला आलीय. काही बोलत नव्हती, नुसती उभी. मी फॉर्म दिला. पेन माझं दिलं.

फॉर्म बरोबर होता. 'भेटीचे कारण' असा रकाना त्यात होता. तिने तो भरायला हवा होता.

यादीत पुढे लिहिलंय की पावणेपाचला ती जिन्यात बसलेली प्रमुखांना दिसली, आणि त्या स्वतः तिला घेऊन स्टेशनवर गेल्या. म्हणजे त्या संध्याकाळी ही उशिरा आली तेव्हा. मी हिला वेळेवरून बोललो होतो. ही म्हणाली होती, ट्रॅफिक.

२४ एप्रिल

हिला विचारलं. लिफाफा पुढे ठेवून विचारलं, सही का नाही केलीस?

ही ताटल्या कागदात गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, मला ते लिहवेना. नवरा कॉलेजला त्रास देतो, असं माझ्या हाताने लिहून द्यायचं? आणि लिहून दिलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता?

मी म्हटलं, अर्थात.

ही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग हसता हसता तिथेच, खोक्यावर बसली आणि म्हणाली, चूक माझीही आहे. पहिल्या नोटिशीलाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही माझ्यासाठी नोकरी सोडून आला होतात. तुम्हाला काहीतरी काम हवं होतं, म्हटलं असू दे. नऊ वर्षं मी तुमच्या मागून सगळ्यांची माफी मागत फिरले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ही ताटल्या गुंडाळत राहिली.

रात्री आमच्या मुलीचा फोन. आधी आईशी, मग माझ्याशी. म्हणाली, बाबा, आईला ती तीन वर्षं हवी होती, एवढं तरी कळलं का तुम्हाला?

रक्तदाब घेतला नाही.

२८ एप्रिल

कुलसचिवांकडे गेलो. हमीपत्र घेऊन. स्वतःहून. 'मी याद्वारे लिहून देतो की यापुढे मी कॉलेजच्या कोणत्याही कारभारात लक्ष घालणार नाही (भोजनगृहाची रांग व अभ्यासिकेतील दिवे वगळून), तरी माझ्या पत्नीस पदावर कायम ठेवावे.' कंसातला मजकूर जाताना बसमध्ये खोडला. पूर्ण खोडला, खालचं अक्षरसुद्धा दिसत नव्हतं.

या वेळी बाहेर बसवलं नाही. त्यांनी वाचलं. म्हणाले, नेमणूक होऊन गेली हो. हे डिसेंबरात हवं होतं. मी म्हटलं, डिसेंबरात मला माहीतच नव्हतं! ते म्हणाले, हो ना.

चहा विचारला. चिडून नको म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ बसलो. गुडघा दुखत होता.

बैल गेला आणि झोपा केला. हिला काही बोललो नाही.

२७ मे, मंगळवार

निरोपाचं जेवण. माझं भाषण तयार होतं, बावीस मिनिटांचं, घड्याळ लावून तालीम केलेली. सगळ्यांची हजेरी घेणार होतो त्यात. नावानिशी.

ही बोलली सहा मिनिटं. पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईंपासून सगळ्यांचे आभार. शेवटी म्हणाली की माझ्या घरच्यांमुळे तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मी बोलणार नाही, कारण त्यांनी ते माझ्यावरच्या मायेने केलं आणि ते इथेच बसलेत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी उठलो असतो आणि बोललो असतो. खिशात कागद होते.

मग दोनशे दहा जण उभे राहिले. टाळ्या थांबेनात. उंट रडत होता, एवढा मोठा माणूस, नाक पुसायला रुमाल नाही. मी दिला.

पांगापांग होताना ती वेणीवाली हिला भेटायला आली. मीही शेजारीच. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, वडील कसे आहेत? म्हणाली, गेले. त्याच आठवड्यात. पण मी पोचले होते काका, बाईंमुळे गाडी मिळाली.

काका म्हणाली. बरं, म्हटलं. पोचलीस ना, बरं.

भाषण कोणी विचारलं नाही.

३१ मे

घर सोडलं. अकरा नोटिसा काढायला गेलो तर आधीच काढलेल्या. कोणी काढल्या त्याचा तपास केला नाही. वेळ नव्हता, टेम्पोवाला घाई करत होता.

२९ जून

हिने विद्यापीठात आठवड्याला तीन तास घेतलेत. रविवारी पोरं येतात. पाच-सहा, कधी दहा. केव्हाही. दोन खोल्यांत बसायला जागा नाही, स्वयंपाकघरात जमिनीवर बसतात, मोठमोठ्याने हसतात. आधी फोन करून यावं, एवढा साधा शिष्टाचार नाही!

बोललो नाही. गॅलरीत जाऊन बसलो. ही चहा तिथे आणून देते. तिला म्हटलं, मी काही बोललो नाही, लक्षात आलं का? म्हणाली, आलं.

१५ जुलै, मंगळवार. रात्री ८.३०

नवीन वर्षाचं पहिलं सामूहिक जेवण आज. सकाळपासून डोक्यात तेच. दातांचा डॉक्टर काय रांग लावणार आणि गोगलगाय काय बोलणार, शेवटच्या टेबलाला ऐकू तरी जाईल का? एकदा नजर टाकून यावी, काही गोंधळ असेल तर दोन शब्द सांगावेत, एवढ्याच उद्देशाने सहाच्या बसने गेलो. कारभारात भाग घ्यायला नाही.

गेटवर नवीन माणूस. नम्र होता. व्हिजिटर्सची वही पुढे केली. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, नवा. वेळ लिहिली, ६.३२. पुढचा रकाना 'कोणाला भेटायचे'.

पेन टेकवलं. तिथून भोजनगृहाच्या काचा दिसतात. रांग वाकडी होती, जिन्यापर्यंत गेली होती, मध्येच गप्पा मारत थांबत होती. पुढे सरकत होती. कोणी मध्ये घुसत नव्हतं.

आचारी, म्हणून लिहावं असं आलं मनात. पण तो विचारेल, काय काम? उंट आता बाहेर पडला. गोगलगाय तर... नको.

मागे चार-पाच जण खोळंबले होते. तो माणूस म्हणाला, आजोबा, आठवत नसेल तर बाजूला बसा निवांत, मी फोन लावून देतो, कोणाला लावू?

म्हटलं, राहू दे.

सातच्या बसने परत आलो. ही म्हणाली, कुठे गेला होतात? म्हटलं, फिरायला. म्हणाली, बरं केलंत, आणि ताट वाढलं.

जेवलो.